वाटीत उरलेलं सोनं

नबीनं कपबशी जिनतच्या हातात दिली आन् आपला हात खालून तसाच धरून ठेवला. तरी निम्मा चहा तिच्या ओढणीवर सांडलाच.

"मी काय मुद्दाम सांडते का?" जिनत पुटपुटली.

"तू न्हाई गं, बशीच नाचती."

आष्टीच्या दवाखान्यात हे दोघं नवराबायको सकाळपासून बाकड्यावर बसून होते. आत बोलावलं तव्हा डॉक्टर तेजश्री मॅडम तपासणीचा कागद बघत होत्या.

"जिनतबींच्या लघवीत पारा निघालाय. घरात पारा कुठून आला, नबीभाई?"

नबी झारेकरी. सोनारांच्या दुकानातला केर आणायचा, धुवायचा, त्यात पारा घोळायचा. पारा सोन्याचे कण धरून ठेवतो. मंग तो गोळा शेगडीवर ठेवला, की पारा उडून जातो आन् वाटीत गव्हाएवढं सोनं उरतं. बापानं शिकवलेलं काम. वाऱ्यावर सोनं जाऊ नये म्हणून दारंखिडक्या लावूनच करायचं. फुंकणी घेऊन शेगडीपुढं बसायची जिनत.

त्यानं हे सगळं सांगितलं.

"आन् पारा उडून कुठं जातो, असं वाटलं तुम्हाला?"

नबीला आजवर हा सवालच पडला नव्हता. उडाला म्हंजे गेला.

जिनतनं ओढणी सावरली. "मॅडम, माझी तीन लेकरं पोटातच गेली. ती बी ह्याच्यानंच?"

"छातीठोक न्हाई सांगता येणार. पण पाऱ्याच्या वाफेनं तसं होतं."

"मंग माझ्यात खोट नव्हती?"

"तुमचा काय दोष, जिनतबी?"

जिनत उठून बाहेर गेली. बारा वर्षं सासू तिला पांढऱ्या पायाची म्हणत आली. नबी ऐकून घ्यायचा. एकदोनदा तर त्यानं बी तेच म्हटलं होतं.

दवाखान्याच्या पायरीवर ती थांबली होती.

"अम्मीला फोन लावा. तुमच्या तोंडानं सांगा."

"घरी जाऊन सांगू की."

"आत्ता."

फोन लागला. "अम्मी," एवढंच बोलला नबी आन् रडायलाच लागला.

पलीकडं म्हातारी घाबरली. "रडतो कावून रे? कोण गेलं?"

नबीनं जिनतकडं बघितलं. ती जागची हलली न्हाई.

"तिघं," तो म्हणाला.