गाळलेलं प्रकरण

शिंपीकाम करणाऱ्या मास्तरांना एका इटालियन कादंबरीतल्या म्हाताऱ्या सरदाराचा भारी लळा. कादंबरी जाडजूड, घराणं बुडीत, सरदाराचा ताठा मात्र कणभर कमी नाही. दरवर्षी काम मंदावलं की दुपारी दुकानात तिचं वाचन चाले. वाचायच्या मास्तरीणबाई, मास्तर काजं करत ऐकायचे. सरदाराची जहागीर गेली की मास्तर काजं सोडून हळहळत, जणू त्यात त्यांचंही चार एकर रान होतं.

यंदा बाईंच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालेलं, म्हणून पुस्तक सुनेकडे आलं. सून शिवणात तरबेज, पण कापड बेतायचं ते मास्तरांनीच. तिनं कात्रीला हात लावलेला त्यांना खपत नसे. समोरच्या मोठ्या दुकानानं तिला बेतायचं काम देऊ केलं होतं आणि संध्याकाळी ती त्यांना होकार कळवणार होती. मास्तर त्यावर चकार शब्द काढत नव्हते. बोललं की हरलं, असा त्यांचा हिशेब.

सून वाचत होती. सरदाराची मुलगी कोठाराच्या किल्ल्या मागते. मी जिवंत आहे तोवर नाही, म्हणतो तो. छप्पर गळतं, गहू कुजतो, मुलगी बग्गीत बसून निघून जाते. किल्ल्या कमरेला लावून सरदार रिकाम्या घरात फिरत राहतो.

"थांब," मास्तर म्हणाले. "हे कुठून आलं? इतकी वर्षं ऐकतोय, हे कधी नव्हतं."

"छापलंय, बाबा. मी काय पदरचं घालतेय?"

काळ्या चष्म्याआडून बाई म्हणाल्या, "पहिल्यापासून आहे. मी गाळायचे."

"का?"

"अहो, तुम्ही त्याचे वकील. आठवडाभर जेवणावर राग काढला असता."

"म्हणजे मला अर्धाच माणूस ऐकवलास!"

"चांगला अर्धा ऐकवला. तक्रार कसली?"

सुनेला हसू आवरेना. मास्तर सुई शोधू लागले. ती बोटांतच होती. टेबलावर गिऱ्हाइकाच्या सुटाचं कापड पडलं होतं. त्याच्याकडे बघत ते पुटपुटले, "यातली पँट तू बेत."

"कोट," सून म्हणाली.

"माणसानं पँटपासून सुरुवात करावी."

"समोरचे कोटच देतायत, बाबा."

"अगं, बाही चुकली म्हणजे?"

"चुकेल. तुमची नाही चुकली कधी?"

बाई उगाचच खोकल्या. त्यांना बरंच ठाऊक होतं.

मास्तरांनी कात्री तिच्यापुढे सरकवली. "बेत कोट. मी पायरीवर बसतो. मला बघवायचं नाही."

ते बाहेर जाऊन बसले. आत कापडात कात्री शिरल्याचा आवाज आला. मास्तर अर्धवट उठले, आणि पुन्हा खाली बसले.