तिच्या मापाची खुर्ची

मित्रांनो, मी एक जुनी झुलती खुर्ची आहे. जुनी म्हणजे किती, ते सांगता येणार नाही. खुर्चीचा वाढदिवस कुणी लक्षात ठेवत नाही. पण माझा उजवा हात डाव्यापेक्षा जास्त गुळगुळीत झाला आहे. त्यावरून काय ते ओळखा.

मला एका शिंप्याने घडवले. सगळे त्यांना मास्तर म्हणत. सुईत दोरा ओवता येईनासा झाला तेव्हा त्यांनी दुकान बंद केले आणि घराच्या मागच्या खोलीत हौसेने सुतारकाम मांडले. त्याच सुमारास त्यांच्या बायकोची, म्हणजे काकूंची, पाठ धरली. डॉक्टर म्हणाले, "ताठ बसू नका, फार पडूनही राहू नका. पाठ टेकून हळूहळू झुलत जा." मास्तरांनी ते मनावर घेतले.

त्याआधी मी एक मोडका पलंग होते. मास्तरांनी त्याचे खूर आणि फळ्या कापल्या. रंधा फिरू लागला की लाकडाच्या पातळ, कुरळ्या साली त्यांच्या पायाशी जमत. ज्यांवर मी झुलते ती खालची दोन वाकडी लाकडे त्यांनी कानशीने घासून सारखी केली. एक जरी जास्त गोल राहिले असते, तरी मी जन्मभर लंगडले असते. काकूंना मात्र खोलीत यायला बंदी होती.

"अहो, निदान माप तरी घ्या," त्या दाराबाहेरून म्हणत.

"तुझं माप मला पाठ आहे. उभ्या जन्मात तुझा एक तरी कपडा उसवावा लागला का?"

मी तयार झाले. शेजारीपाजारी बघून गेले. मास्तरांची धाकटी बहीण म्हणाली, "दादा, इतकी वर्षं उगाच कापड कापत बसलास!" काकू माझ्यात बसल्या आणि त्यांचे पाय अधांतरी राहिले. "छान आहे हो," त्या म्हणाल्या.

मग त्या पायाखाली एक स्टूल घेऊ लागल्या. पण स्टुलावर पाय ठेवले की मी झुलत नसे. झुलायचे तर त्यांना कडेवर सरकून बसावे लागे, आणि पाठ माझ्यापासून दूर राही. दुखणे वाढत गेले. संध्याकाळी त्या भिंत धरून चालू लागल्या. तोंडातून मात्र अवाक्षर काढले नाही.

एकदा नणंदच म्हणाली, "वहिनी, तू बसत नाहीस, नुसती टेकतेस. सांग की त्याला."

"नको हो वन्सं. किती हौसेनं केलीय त्यांनी."

मास्तर मागे उभे होते. त्यांचा चेहरा उतरला. "इतकं दुखतंय आणि बोलली नाहीस?"

"गिऱ्हाइकाला ट्रायलला बोलावता. मला बोलावलंत का?"

मास्तर खाली बसले. काकूंची टाच आणि फरशी यांच्यामधली जागा त्यांनी बघितली आणि कपाळावर हात मारला. "अगं, मला पाठ आहे ते उभ्या माणसाचं माप! शिंपी बसलेल्याचं माप घेतो कुठं?"

आता मला कापणे भाग होते. कापडात आत थोडे जास्तीचे ठेवता येते. लाकूड गेले की गेले. दुसरा पलंगही नव्हता.

"बिघडली तर?" बहीण म्हणाली.

"ती बिघडलेलीच आहे."

या वेळी काकू खोलीतच बसल्या. मास्तरांनी दुकानातला निळा खडू माझ्या बैठकीवर घासला. काकू बसून उठल्या की जिथला खडू पुसला जाई, तिथे लाकूड टोचते असे समजायचे आणि तेवढेच तासायचे.

"इथं टोचतंय?"

"तिथं मी नाहीच हो! जरा पुढं."

"हलू नकोस."

"झुलत्या खुर्चीत बसवता आणि म्हणता हलू नकोस!"

माझे पाय थोडे थोडे कमी झाले. पुढची कड उतरली. काकूंचे सगळे कपडे निळे झाले. शेवटी एका दुपारी त्यांच्या टाचा फरशीला टेकल्या. त्यांनी किंचित रेटा दिला आणि मी झुलले. त्यांची पाठ पहिल्यांदा पूर्ण माझ्यावर विसावली. हळूहळू त्यांची बोटे सैल पडली आणि त्यांना झोप लागली. आवाज होईल म्हणून मास्तर रंधा हातात धरून तसेच उभे राहिले.

पाठ पूर्ण बरी झाली नाही. पण काकूंनी भिंत धरणे सोडले.

पुढे काकू गेल्या. मास्तर एकदा माझ्यात बसून बघायला गेले, तर गुडघे हनुवटीला लागले. मुलगी म्हणाली, "बाबा, हिला पाय जोडून उंच करून घ्या की."

"नको. माप बरोबर आहे," मास्तर म्हणाले.

आता माझ्यावर घडी न केलेले कपडे पडून असतात. तक्रार नाही, पण कपड्यांना झुलण्याची गरज नसते.

मित्रांनो, कुणासाठी काही घडवाल, तेव्हा त्या माणसाला काम चालू असतानाच जवळ बसवा. आणि तुमच्या घरात कुणाचे पाय जमिनीला टेकत नसतील, तर माझ्यावरचे कपडे उचला आणि त्यांना माझ्याकडे पाठवा. उंच माणसांसाठी जगात खुर्च्या पुष्कळ आहेत.