आरशातली आई

"चमकी उलट्या बाजूला झाली," धीरज म्हणाला आणि त्यानं लगेच जीभ चावली. पण तनयानं ऐकलं होतं.

दिल्लीत, आर. के. पुरममधल्या आमच्या सरकारी क्वार्टरच्या बैठकीत मी रविवारी मुलांना चित्रकला शिकवतो. तनया त्यांतलीच. धीरज तिचा बाबा. आई मयुरा मेंदूज्वरानं अतिदक्षता विभागात होती. डोळे उघडत होती, पण नवऱ्यालाही ओळखत नव्हती. ओळखीचं काही दाखवत राहा, असं डॉक्टर म्हणाले होते. फोटो दाखवले की ती मान फिरवायची. मुलांना आत सोडत नाहीत, म्हणून तनयानं आईचं चित्र काढलं होतं. धीरज ते घेऊन संध्याकाळच्या भेटीला निघाला होता.

"आईची नोजपिन कुठे असते?" तिनं विचारलं.

"डाव्या नाकपुडीत गं. समोरून बघताना ती तुझ्या उजव्या हाताला दिसायला हवी. असू दे, छान आहे."

तनयानं कागद चुरगळला. "मला आईचा चेहराच आठवत नाहीये, बाबा. मैं ही भूल गई, तर ती मला कशी ओळखणार?"

धीरज भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. मी कागद उलगडून मांडीवर सपाट केला. भुवया बरोबर होत्या. हनुवटी बरोबर होती.

"तनू, शाळेत जाताना आई कशी दिसते तुला?"

"दिसतच नाही. स्कूटीवर मी मागे असते. फक्त हेल्मेट दिसतं."

"फक्त?"

"आरशात डोळे दिसतात. नाक पण. सिग्नलला ती आरसा माझ्याकडे वळवते आणि म्हणते, झोपलीस का गं मागे?"

"आणि आरशात चेहऱ्याच्या बाजू बदलतात. तू विसरली नाहीस, बाळा. तुला रोज दिसते तीच आई काढलीस."

मागच्या रविवारी मी मुलांना घनवादी चित्रकारांची व्यक्तिचित्रं दाखवली होती. नाक बाजूनं, डोळा समोरून. "आजोबा, या आंटीला कुणी ठोकलं?" त्यांतल्या अर्णवनं विचारलं होतं, आणि सगळ्यांत जास्त तनयाच हसली होती. मी सांगितलं होतं, आपण माणसाला एकाच जागेवरून कुठे बघतो? म्हणून या चित्रकारांनी सगळ्या बाजू एकाच कागदावर आणल्या.

"पाठ आणि चेहरा एकत्र चालेल?" आता तिनं विचारलं.

"घनवादात चालतं."

"आई म्हणेल, हे काय काढलंयस?"

"म्हणू दे की! तेच तर हवंय आपल्याला."

तिनं दुसऱ्या कागदावर हेल्मेट काढलं, पाठीवर गाठ मारलेली ओढणी काढली, आणि खांद्याच्या वर, पानाच्या मानानं फारच मोठा, आरसा. त्यात डोळे, नाक, चमकी. "काका, भेटीची वेळ संपेल," धीरज सारखा म्हणत होता. पंख्याखाली रंग जेमतेम वाळला आणि तो पळाला.

परत आला तेव्हा दारातच बसला.

"चित्राकडे बराच वेळ बघत होती. मग हात उचलला, बोटं अशी हवेत वळवली. नर्स म्हणाली, अशा हालचाली होतातच, अर्थ लावू नका." त्यानं चपला काढल्या. "मला नाही ओळखलं, काका. आजही नाही."

तनया त्याच्या बोटांकडे बघत होती. "परत करून दाखवा."

त्यानं दाखवलं.

"आरसा वळवत होती. सिग्नलला असंच करते." ती माझ्याकडे वळली. "तिला मला बघायचं होतं, आजोबा. आणि मी आरशात तिलाच काढलं."

नर्स म्हणाली तेच खरं असू शकतं, हे मला कळत होतं. धीरजलाही कळत होतं. तनयानं नवा कागद घेतला. पुन्हा हेल्मेट, पुन्हा ओढणीची गाठ. आरसा मात्र कोरा ठेवला.

"माझा दात पडलाय, तो दाखवू?"

"दाखव."

"तो आरशात कुठल्या बाजूला येईल?"

मी माझा दाढीचा आरसा आणून तिच्यासमोर धरला. ती पेन्सिल उचलून थांबली.

"आजोबा, आरसा हलवू नका ना. मी दिसत नाहीये."