धार लावणाऱ्याची पहिली दाढी

मी वस्तरा बोलतोय. ज्याने मला धार दिली, त्या माणसाला स्वतःची दाढी करता येत नव्हती. हे सांगताना मला जरा लाजल्यासारखं होतं, पण माझ्या आयुष्याची खरी गोष्ट तीच आहे.

माझा जन्म झोलिंगेन या पाती घडवणाऱ्या गावचा, वुपर नदीकाठच्या पाणचक्कीतला. तेव्हाचं पुसटच आठवतं. धुकं, पाण्याची घरघर, गरगर फिरणारा ओला दगड आणि धार लावणाऱ्या एवाल्डची बोटं. त्याने मला दोन्ही अंगांनी घासून इतकं खोलगट केलं, की कडेला मी कागदाहून पातळ झालो. मग त्याने नखाने टिचकी मारली आणि मी गुणगुणलो. आमच्या गावात पातं गायलं तरच ते पास. एवाल्डने मला विकलं नाही. मूठ बसवून त्याने मला आपल्या दोस्ताला, आल्विन न्हाव्याला, दुकान उघडलं त्या दिवशी भेट दिलं.

तीस वर्षं मी आल्विनच्या हातात होतो. काय हात तो! गरम फेसात शिरलो की ढगातून चालल्यासारखं वाटायचं. गालाला टेकलोय की नाही, हे माझं मलाच कळायचं नाही. दर शनिवारी एवाल्ड यायचा, खुर्चीत बसून डोळे मिटायचा.

"हजारो वस्तरे घासलेस लेका, पण एकही स्वतःच्या हनुवटीपाशी नेशील तर शपथ," आल्विन चिडवायचा.

"गवंड्याने काय बांधलेल्या प्रत्येक घरात राहायचं?" एवाल्ड फेसातून पुटपुटायचा.

दिव्याखाली अंधार म्हणतात, तो हाच.

मग एका हिवाळ्यात आल्विनच्या उजव्या अंगावरून वारं गेलं आणि दुकान बंद झालं. मी खणात पडून राहिलो, साबणाच्या वासात, अर्धवट झोपेत. किती दिवस गेले कोण जाणे. जाग आली ती आल्विनच्या बायकोच्या, मेटाच्या आवाजाने. स्वयंपाकघरात ती एवाल्डशी बोलत होती.

"दाढी गळ्याखाली उतरलीय त्याची. कुणाला आत येऊ देत नाही. म्हणतो, दाढी वाढलेला न्हावी बघायला कशाला येता? पलीकडच्या न्हाव्याला बोलावलं, तर हा म्हणाला, याला मीच शिकवलंय, नको. आणि भिंतीकडे तोंड फिरवलं. आता जेवणही परत पाठवतोय. असंच चाललं तर तो राहायचा नाही, एवाल्ड."

एवाल्ड उठला. मग त्याने खण उघडून मला उचललं.

"तुम्ही करणार त्याची दाढी?" मेटा दचकली.

"आधी माझी. कापलं तर माझंच कापेल."

त्याने धार गुळगुळीत करायचा चामड्याचा पट्टा खिडकीच्या कडीला अडकवला आणि मला त्यावर जोरात ढकललं. चाळीस वर्षं त्याच्या हाताने पातं धार पुढे करूनच दगडावर नेलं होतं. चामड्याच्या पट्ट्यावर मात्र पाठ पुढे जाते आणि धार मागून येते. हे त्या हाताला कोण सांगणार? पहिल्याच फटक्यात मी चामड्यात रुतलो.

"पट्टा कापलास ना, गाढवा?" शेजारच्या खोलीच्या बंद दाराआडून आल्विनचा आवाज आला.

मेटाच्या हातातली बशी तशीच राहिली.

"तुला कसं कळलं?" एवाल्डने विचारलं.

"कान शाबूत आहेत माझे. पाठ पुढे कर. दगड नाहीये तो."

एवाल्डने फेस लावला. मी गालावर टेकलो आणि खर्रकन आवाज झाला.

"दाबतोयस," दार म्हणालं.

"दाबल्याशिवाय कापणार कसं?"

"त्याच्या वजनाने जाऊ दे त्याला. तू फक्त सोबत चाल. आणि दुसऱ्या हाताने कातडी ताण, ती काय चुलत्याकडून मागून आणलीयस?"

एवाल्डला तीन ठिकाणी कापलं. ज्याने मला घडवलं त्याचंच रक्त माझ्या अंगाला लागलं. मला फार वाईट वाटलं.

तो रोज सकाळी येत राहिला. नदीवरचं धुकं खिडकीपाशी थांबलेलं असायचं आणि मी त्याच्या गालावरून हळूहळू उतरत असायचो. चौथ्या दिवशी आल्विन म्हणाला, "आवाज नीट येत नाही. दार थोडं उघड." सातव्या दिवशी मेटाने नेलेली तांदळाची खीर परत आली नाही. अकराव्या दिवशी एवाल्डच्या चेहऱ्यावर एकही ओरखडा नव्हता.

"इकडे ये, बघू." आल्विनने त्याला न्याहाळलं. "डावा कल्ला वाकडाय." मग उशीवर डोकं टेकवून म्हणाला, "बरं. माझी कर."

आधी कात्री चालली, मग गरम पंचा, मग फेस. एवाल्डचा हात आता दाबत नव्हता. मी माझ्या वजनाने चाललो आणि तो सोबत आला. लुळ्या बाजूचा गाल खाली ओघळला होता, तो त्याने बोटांनी अलगद वर धरला. पांढऱ्या केसांखालून आमचा जुना आल्विन हळूहळू बाहेर येत होता. आल्विनच्या डोळ्यांतून पाणी आलं, ते एवाल्डने फेसासोबत पुसून टाकलं.

शेवटी आल्विनने डावा हात उचलून चेहऱ्यावरून फिरवला.

"हनुवटीखाली राहिलंय," तो म्हणाला. "उद्या ये."

तिथून मी दोनदा गेलो होतो. एक केस राहिला नव्हता. एवाल्डच्या बोटांनाही ते कळलं होतं, आयुष्यभर धार तपासलेली बोटं ती. पण तो म्हणाला, "येतो."

याला आता चार वर्षं झाली. मी झिजून निम्मा उरलोय. एवाल्ड अजून रोज सकाळी येतो आणि रोज कुठेतरी काहीतरी राहतंच. तुम्ही कधी आमच्या गावी आलात, आल्विनच्या खिडकीपाशी थांबलात, तर एवढं ऐका माझं. त्याची दाढी किती गुळगुळीत झालीय, असं चुकूनही म्हणू नका.