तासाभरावरची कराची

मी हातानं फिरवायचा भोंगा बोलतोय. पासष्टची लढाई पेटली तेव्हा मला सातपाटीला आणलं आणि समुद्राकडं तोंड करून एका गच्चीवर बसवलं. दांडा गरगर फिरवला की मी रडतो. माझं रडणं ऐकलं की लोकांनी खंदकात उतरायचं. फिरवण्याचं काम गावातल्याच दामू नावाच्या पोराकडं होतं.

पहिल्या दिवशी माझा आवाज ऐकायला गाव जमला. त्यात बळवंत तांडेल होता. फाळणीआधी तो गलबतावर कराचीला जाऊन आलेला, जुना दर्यावर्दी.

"भिता कशाला रे?" तो हसून म्हणाला. "कराची लय लांब हाय. वारा मिळाला तरी आठवडा जायचा."

"तो शिडाचा हिशेब, तांडेल," दामू म्हणाला. "विमानाला तास पुरतो."

तासात काय होतं? चूल पेटते, भात शिजतो. बायका आभाळाकडं बघू लागल्या. मी लोखंडाचा, पण त्या दिवसापासून भीती माझ्याही अंगात शिरली.

काही दिवसांनी भर दुपारी उत्तरेकडून घरघर आली. दामूनं दांडा फिरवला. मी जीव खाऊन रडलो. किनाऱ्यावर मासळी वाळत घालणाऱ्या बायका खंदकाकडं पळाल्या. त्या रेटारेटीत दामूची आई काशीबाई पडली, तिच्या हातावरून माणसं गेली. हात मोडला. आणि डोक्यावरून गेलं ते मुंबईचं प्रवासी विमान, वेळ चुकलेलं.

दामूला कुणी बोललं नाही. पण तो गच्चीवर आला की माझ्याकडं पाठ करून बसायचा. मला वाटायचं, उद्या खरंच आलं आणि यानं मला फिरवलंच नाही तर?

तसंच झालं. पुन्हा घरघर आली, या वेळी समुद्रावरून, जड. दामूनं दांडा धरला, पण फिरवीना. खाली माणसं त्याच्याकडं बघत उभी. मला ओरडायचं होतं. पण माझा आवाज दुसऱ्याच्या मनगटात असतो.

तेवढ्यात काशीबाई जिना चढून आली. उजवा हात फळीला बांधून गळ्यात अडकवलेला.

"फिरव, दामू."

"आये, परत कोनी पडला तर?"

"पडला तो उठंल. नाय फिरवलास तर कोनीच उठनार नाय."

तिनं डावा हात दांड्यावर ठेवला. दामूनं त्यावर आपला ठेवला. त्या दिवशी मी जसा रडलो, तसा परत कधी रडलो नाही.

विमान ढगात शिरलं आणि दूर गेलं. आपलं की त्यांचं, कधीच कळलं नाही. लोक वर आले. बळवंत तांडेल मात्र खंदकातच बसून राहिला.

"तांडेल, गेला तो. या वर," काशीबाईनं गच्चीवरून हाक दिली.

"आपलं विमान पन तासातच तिथं जात आसंल गो," तो म्हणाला. "तिथल्या बंदरावर माझ्या दोस्ताचं घर हाय."

काशीबाई जिना उतरून खंदकाच्या काठाशी जाऊन बसली.

लढाई थांबून चार वर्षं झाली. मला उतरवायचं राहून गेलं. खाऱ्या वाऱ्यानं माझा दांडा गंजून घट्ट बसलाय. अजूनही विमानाची घरघर आली की मी दचकतो. त्या किनाऱ्यावरही कुठल्या तरी गच्चीवर माझ्यासारखा कुणी असेल. तोही असाच गंजत राहो.

तुमच्याकडं एवढंच मागतो. माझी दया येऊन कुणी तेलाची बाटली घेऊन वर येऊ नका.