भरती सहाला आहे

"तुम्ही 'काम थांबवा' असं म्हणालात का? हो की नाही?"

चौकशी अधिकाऱ्यांनी हा प्रश्न चौथ्यांदा विचारला तेव्हा मी दाराबाहेरच्या बाकावर बसून नखं खात होते. दाराला हॉटेलात असतात तशा अर्ध्या झडपा होत्या. त्यामुळे आतलं सगळं ऐकू यायचं, पण दिसायचे फक्त बाबांचे बूट. घरच्या माणसाला खरं म्हणजे चौकशीला येता येत नाही. पण दोन महिन्यांपासून बाबांना मधूनच चक्कर यायची, म्हणून मला बाहेर बसू देत होते.

"नाही," बाबा म्हणाले. "मी म्हणालो, साखळी झिजली आहे."

"म्हणजे थांबवा म्हणाला नाहीत."

"साखळी झिजली आहे असं म्हणालो, सर."

हे सगळं इंग्रजीत चाललं होतं. चौकशी अधिकारी निवृत्त वकील होते, आवाज मऊ, घाई कसली म्हणून नाही. त्यांनी टंकलेखकाला सांगितलं, लिहा, काम थांबवण्यास सांगितले नाही हे आरोपीस मान्य. टाइपरायटर खडखडला. उठावं, झडपा ढकलून आत जावं आणि ते यंत्र खिडकीतून खाली एस्प्लनेडच्या ट्राममार्गावर फेकून द्यावं असं मला मनापासून वाटलं. मी बसून राहिले.

माझे बाबा, दिगंबर पाध्ये, जहाजांवर माल चढवणाऱ्या एका खाजगी कंपनीत सुपरवायझर होते. मुंबईच्या ऑफिसने त्यांना १९५१ साली दोन वर्षांसाठी कलकत्त्याला पाठवलं, आणि आता १९७३ उजाडलं तरी ती दोन वर्षं काही संपली नव्हती. मी इथेच भवानीपूरला जन्मले. माझं मराठी ऐकून पुण्याचे मामा हसतात. बाबांची सगळी हयात खिदिरपूरच्या गोदीत गेली. पेटी किती जड, दोर कुठे बांधायचा, क्रेनवाल्याला 'उचल' म्हणून हात कधी दाखवायचा, यात. बावीस वर्षांत त्यांच्या देखरेखीखाली कुणाचं बोटही चिरडलं नव्हतं. मग फेब्रुवारीत क्रेनची साखळी तुटली आणि यंत्राच्या भागांची पेटी जयप्रकाश नावाच्या मजुराच्या उजव्या पायावर पडली. पाय गुडघ्याच्या वरून कापावा लागला.

कंपनीने बाबांवर आरोप ठेवला तो निष्काळजीपणाचा. साखळी खराब असल्याचं माहीत असून वरिष्ठांना सावध केलं नाही. सिद्ध झालं तर बडतर्फी, तीही निवृत्तीला दीड वर्ष राहिलेलं असताना. बाबांना नोकरीपेक्षा तो शब्द जास्त लागला. 'निष्काळजी.' माणूस घरातल्या दुधाच्या पातेल्यावरचं झाकणही दोनदा तपासायचा.

त्या दिवशी नेमकं काय बोलणं झालं होतं, ते कुणीच नाकारत नव्हतं, हीच तर चीड आणणारी गोष्ट होती. धक्क्यावर बाबा सुपरिंटेंडेंट बागचींकडे गेले आणि इंग्रजीत म्हणाले, "साखळी झिजली आहे, सर." बागची म्हणाले, "भरती सहाला आहे." बाबा म्हणाले, "ऑल राइट, सर."

बस्स. तीन वाक्यं. कागदावर उतरवली तर तीन अनोळखी माणसं एका बाकावर येऊन बसल्यासारखी. पण गोदीतल्या कुणालाही विचारा. खिदिरपूरच्या गोदीचे दरवाजे नदीला भरती आली की मगच उघडतात, ती भरती चुकली तर जहाज पुढच्या भरतीपर्यंत अडकून पडतं, आणि जबाबदार कोण म्हणून वरून विचारणा होते. तेव्हा बागची भरतीची वेळ सांगत नव्हते. ती तर बाबांना त्यांच्यापेक्षा चांगली पाठ होती.

आणि बाबांनी सरळ 'थांबवा' का म्हटलं नाही? कारण गोदीत तसं म्हणत नाहीत. वरच्याला 'करू नका' म्हणायचं नसतं. वस्तुस्थिती सांगायची आणि गप्प राहायचं. थांबवण्याचा हुकूम त्याने त्याच्या तोंडाने द्यायचा, म्हणजे त्याचा मान राहतो आणि काम होतं. दोर कुजलाय, पाऊस येतोय, क्रेनवाल्याला ताप आहे. बावीस वर्षं बाबांनी अशीच वाक्यं टाकून काम थांबवलं होतं. यावेळी थांबलं नाही.

मी त्या वर्षी युनिव्हर्सिटीत इंग्रजी एम.ए. करत होते. आमचे एक सर नुकतेच विलायतेहून भाषाशास्त्राचा नवा अभ्यास करून आले होते. बोलणं म्हणजे नुसतं सांगणं नव्हे, ते करणं असतं, असं ते शिकवायचे. माणूस वाक्य बोलतो तेव्हा तो वचन देतो, धमकावतो, विनवतो, नाकारतो. दोन वाक्यांचा एकमेकांशी संबंध त्यांच्या शब्दांत शोधू नका, ती वाक्यं काय करताहेत ते बघा, म्हणजे बोलणं कसं जुळून येतं ते कळेल. मी ऐकत होते आणि माझ्या डोक्यात साखळी खळखळत होती.

घरी आले ती जवळजवळ धावतच. बाबांना म्हटलं, परवा सकाळी तुम्ही आईला काय म्हणालात आठवतं? तुम्ही म्हणालात, आज ट्राम बंद आहेत. आई म्हणाली, कालच्या दोन पोळ्या आहेत. आणि तुम्ही मुकाट्याने पाटावर बसलात. आता या दोन वाक्यांचा काही संबंध आहे का?

"आहे की," आई स्वयंपाकघरातून म्हणाली. "ह्यांना चालत निघायचं होतं. भाताला कुठला वेळ?"

तेच, मी म्हटलं. तुम्ही लवकर वाढ म्हणालात, आईने भात नाही, जे आहे ते खा म्हटलं, आणि यातला एकही शब्द कुणी उच्चारला नाही. तुमचं आणि बागचींचं तसंच आहे. तुम्ही थांबवायला सांगितलंत, त्यांनी नाकारलं. बाबांनी चष्मा काढून पुसला. म्हणाले, इतकी वर्षं आम्ही नवराबायको भांडणाशिवाय कसे राहिलो त्याचंही आता पुस्तक निघालं म्हणायचं. पण त्यांचा चेहरा बऱ्याच दिवसांनी जरा सैल झाला होता.

दुसऱ्या दिवशी मी ती तीन वाक्यं सरांना दाखवली. सर खुर्चीतून अर्धे उठले. वा, म्हणाले, काय सुंदर उदाहरण आहे. त्यांनी वहीत उतरवून घेतलं. पहिलं वाक्य म्हणजे इशारा, दुसरं म्हणजे कारणासकट नकार, तिसरं म्हणजे स्वीकार. अगदी स्वच्छ. वर्गात वापरलं तर चालेल का, असंही त्यांनी विचारलं. मी सांगितलं, माझ्या वडिलांची नोकरी जातेय. हो हो, ते वाईटच, म्हणाले, आणि पुन्हा वहीत बघून हसले. मला त्यांचा राग आला आणि त्यांची गरजही होती, त्यामुळे मी आभार मानले.

रात्रीचा दिवस न करताही त्या तीन वाक्यांवर माझी दोन पानं छान लिहून झाली. टाइप करून बाबांच्या खुलाशाला जोडली. चौकशी अधिकाऱ्यांनी ती शांतपणे वाचली आणि बाबांना म्हणाले, तुमची मुलगी हुशार आहे, पण मी शब्दांची चौकशी करतो, मनातल्या गोष्टींची नाही. मनातल्या. भर दुपारी, धक्क्यावर, पन्नास माणसांसमोर झालेली गोष्ट ही म्हणे मनातली. बागचींनी तर साक्षीत सांगून टाकलं की पाध्ये यांनी साखळीबद्दल काही माहिती दिली असावी, आपणही भरतीबद्दल माहिती दिली असावी, नेमके शब्द आता स्मरत नाहीत.

शेवटच्या दिवशी साक्षीला जयप्रकाश आला. कुबड्यांवर जिना चढून, घामाने निथळत. माझ्यासमोरून जाताना त्याने मान लववली आणि मी कुठे बघावं ते मला कळेना. त्याला बाबांनी बोलावलं नव्हतं. ते बोलणं झालं तेव्हा दोघांपासून चार हातांवर उभा होता, एवढ्यासाठी कंपनीनेच बोलावला होता.

दोघे काय बोलले ते ऐकलंस का, अधिकाऱ्यांनी हिंदीत विचारलं.

"सुना, हुजूर."

काय बोलले?

"अंगरेजी बोले। पाध्येबाबू ने रोका, साहब नहीं माने, तो बाबू मान गए।"

ज्याला त्या भाषेतला एक शब्द कळत नव्हता, त्याने तिन्ही वाक्यं बिनचूक सांगितली होती. माझ्या दोन पानांचं काम त्याने एका दमात केलं होतं.

अधिकाऱ्यांनी विचारलं, तुला इंग्रजी येतं का. जयप्रकाश म्हणाला, नाही. मग लिहा, अधिकारी टंकलेखकाला म्हणाले, साक्षीदारास संभाषणाची भाषा अवगत नाही, सबब या मुद्द्यावर त्याची साक्ष विचारात घेता येत नाही. मी बाकावर मूठ आपटली. हात दुखला, बाकी काही झालं नाही.

मग पंधरा मिनिटांची सुट्टी झाली. टंकलेखक, एक म्हातारा बंगाली माणूस, माझ्याजवळून जाताना थांबला. बंगालीत मुलीला म्हणतात तसं मला 'मा' म्हणत हळूच म्हणाला, मा, बागचीबाबूंना शब्द आठवत नाहीत हे कागदावर आलंय. तुझ्या बाबांनी शेवटच्या निवेदनात एवढंच म्हणावं की मी 'काम थांबवा' म्हणालो होतो, आधी गोंधळून विसरलो. अधिकारी वाईट नाहीत, त्यांना फक्त शब्द पाहिजे. खोटं कुठे आहे त्यात?

खरंच, कुठे होतं? बाबा बाहेर येऊन शेजारी बसले तेव्हा मी त्यांच्या मागेच लागले. म्हटलं, बाबा, एकच वाक्य. तुम्ही थांबवलं होतंतच. तो अडाणी माणूससुद्धा सांगतोय. जे केलंत तेच शब्दांत सांगायचंय.

बाबा जयप्रकाशकडे बघत होते. तो व्हरांड्याच्या टोकाला भिंतीला टेकून उभा होता, खाली बसलं तर उठता येणार नाही म्हणून.

"तुझे सर तिसऱ्या वाक्याला काय म्हणाले होते?" त्यांनी विचारलं.

"स्वीकार."

"जयप्रकाश काय म्हणाला?"

"तो बाबू मान गए. बाबा, पण ते..."

"मी 'ऑल राइट' म्हटलं आणि वळून क्रेनवाल्याला हात दाखवला." बाबांचा आवाज अगदी साधा होता. "वृंदा, माझं पहिलं वाक्य म्हणजे काम थांबवणं असेल, तर तिसरं म्हणजे काय? ते नुसते शब्द होते, असं मला म्हणता येईल का? तू लिहिलेलं मी चारदा वाचलं. बरोबर आहे ते. म्हणूनच सांगतो. बागचींनी मला हुकूम दिला, पण खाली हुकूम माझा गेला. मी मानलं नसतं तर पेटी उचललीच गेली नसती."

मी म्हटलं, मग बागचींना दुसरा कुणीतरी मिळाला असता. तुमची नोकरी गेली असती.

"ती तशीही चाललीय," बाबा म्हणाले.

मी चिडून रडायला लागले. माझ्याच हत्याराने त्यांनी मला गप्प केलं होतं, आणि त्यांचं चुकलंय असं कुठेही बोट ठेवता येत नव्हतं. आत जाऊन त्यांनी उभं राहून निवेदन दिलं. मी बागची साहेबांना सावध केलं होतं. साखळी झिजली आहे हे सांगणं म्हणजे आमच्याकडे काम थांबवायला सांगणं. साहेबांनी नकार दिला. मी तो मान्य केला आणि क्रेन सुरू करवली. दोन्ही गोष्टी मी केल्या आहेत आणि दोन्ही लिहून घ्याव्यात.

अधिकाऱ्यांनी दुसरीच लिहून घेतली.

बडतर्फीचं पत्र तीन आठवड्यांनी आलं. आईने ते वाचलं, घडी केली आणि बाबांना म्हणाली, आज वरण जरा घट्ट झालंय. बाबा म्हणाले, चालेल. मी ताटावरून उठून गेले. मला ती दोघं कळत होती आणि म्हणूनच तिथे बसवेना.

त्या रविवारी सकाळी बाबा खिदिरपूरला निघाले. चक्कर येईल म्हणून मी बरोबर गेले. मजुरांच्या चाळीत जयप्रकाशची एकच खोली होती. तो खाटेवर पडलेला होता, कमरेखाली चादर. त्याची बायको आम्हाला बघून पदर ओढून भिंतीकडे सरकली. ती बाबांकडे बघतही नव्हती, आणि तिला कोण दोष देणार?

बाबा उंबऱ्यातच थांबले. वाटेत ट्राममध्ये ते काहीतरी पुटपुटत होते, बहुतेक हिंदी वाक्यं जुळवत असावेत. त्यातलं एकही त्यांना आठवलं नाही.

"जयप्रकाश," ते म्हणाले, "हाथ मैंने दिखाया था।"

बायकोने तांब्या उचलला आणि पुन्हा खाली ठेवला. मी वाट बघत होते. तो ओरडेल, रडेल, निदान जा म्हणेल, असं मला वाटत होतं, आणि खरं सांगायचं तर यातलं काहीही चाललं असतं.

जयप्रकाशने कोपरावर भार देऊन अंग जरा वर ओढलं.

"बहुत दूर से आए हैं, बाबूजी," तो म्हणाला.

मग त्याने उजव्या बाजूची चादर हाताने गोळा केली. तिथे आता पाय नव्हता, एका माणसापुरती जागा होती. बाबांनी चपला बाहेर काढल्या आणि तिथे जाऊन बसले.