पहिली टिक्की

"कसं लागतंय?" रॉइसने विचारलं.

लमारने तोंडातला घास एका गालातून दुसऱ्या गालात ढकलला. तो परसदारच्या पायरीवर उभा होता, हातात कागदी रुमाल आणि रुमालावर अर्धी खाल्लेली टिक्की. त्याने कॉफीचा मोठा घोट घेतला आणि घास कसाबसा खाली उतरवला.

"झकास, मिस्टर रॉइस. एकदम झकास."

"सेजचा पाला कमी वाटतो का?"

"नाही, बरोबर आहे."

"मग जास्त?"

"अहो, बरोबर आहे म्हटलं ना. तुमच्या सॉसेजला मी नावं ठेवणार होय?"

"ठेव की. त्यासाठीच बोलावलंय."

लमार हसला. त्याने रॉइसच्या खांद्यावर हात ठेवला, तो जरा जास्तच वेळ ठेवला, आणि "काही लागलं तर हाक मारा" म्हणून आपल्या पिकअपकडे गेला. जाताना उरलेली अर्धी टिक्की रुमालात गुंडाळून त्याने खिशात घातली. आवडलेली वस्तू कुणी खिशात घालतं का, असं रॉइसच्या मनात आलं. पण लमार शेजारचा तरुण शेतकरी, सदा घाईत असलेला. जाता जाता खाईल, अशी त्याने स्वतःची समजूत घातली.

नदीकाठच्या आमच्या भागात रानडुकरांचा नुसता उच्छाद आहे. एका रात्रीत कुरण असं उकरून ठेवतात की नांगर बरा. म्हणून ज्याच्याकडे जमीन त्याच्याकडे पिंजरा, आणि ज्याच्याकडे पिंजरा त्याच्याकडे खिम्याचं मशीन. न्याहारीचं सॉसेज सगळेच करतात. तरी पानगळीत चर्चमध्ये गावाची न्याहारी होते, तिथे पॅनकेकच्या शेजारी ताटात पडतं ते रॉइस हॅगर्टीचं सॉसेज. दुसऱ्या कुणी आणायची हिंमतही केली नसती. लोक वर्षभर त्याची आठवण काढत आणि रॉइस मान खाली घालून ते ऐकून घेई. आपल्याकडे विनय म्हणतात तो हाच, असं आम्हाला वाटायचं.

यात एक गोम होती. रॉइसला वास येत नव्हता. लग्न झालं त्याच वर्षी गोठ्याच्या माळ्यावरून तो पाठीवर पडला, डोकं आपटलं, आणि शुद्धीवर आला तेव्हा नाक होतं पण नाकाचं काम संपलं होतं. मीठ कळे, साखर कळे, मिरची कळे. बाकी सगळं भिजलेल्या पुठ्ठ्यासारखं. हे फक्त त्याच्या बायकोला, डेलला ठाऊक होतं. गावात कळलं असतं तर टवाळांनी त्याच्या पिकअपच्या सीटखाली मेलेला उंदीर ठेवून पैज लावली असती, आणि रॉइस चेष्टा सोसणाऱ्यांपैकी नव्हता.

त्यामुळे घरात कामाची वाटणी ठरलेली होती. डुक्कर पकडायचं, सोलायचं, मांस बर्फाच्या पेटीत ठेवून रक्ताचं पाणी काढत राहायचं, हाडं वेगळी करायची, रानडुकराला अंगची चरबी नसते म्हणून खाटकाकडून पाळीव डुकराची आणायची, मशीन फिरवायचं, हे रॉइसचं. त्याआधी रानडुकराच्या मांसाचा एक तुकडा बिडाच्या तापल्या तव्यावर टाकायचा आणि त्यावर वाकून वास घ्यायचा, हे डेलचं. मोठा नर असला तर काही सांगता येत नाही. कधी मांस गोड निघतं, कधी असा दर्प सुटतो की घरातले पडदे धुवायला काढावे लागतात. डोळ्यांना दोन्ही सारखंच दिसतं. दर्प असला की डेल एकच शब्द बोलायची, "फेक." मग अख्खं जनावर कुंपणापलीकडे गिधाडांना. रॉइसने कधी वाद घातला नाही.

मांस पास झालं की मीठ, मिरी, लाल मिरची आणि स्वयंपाकघराच्या दाराशी वाढलेल्या सेजच्या झुडपाचा पाला घालून खिमा मळायचा आणि पहिली टिक्की तळायची. ती डेल डोळे मिटून चावायची. "अजून सेज," म्हणायची. रॉइस घालायचा. "अजून." आणि मग केव्हातरी, "झालं." त्या शब्दानंतर खिम्यात चिमूटभरही काही पडत नसे. तवा पुसून ती आपल्या उंचीच्या खिळ्याला अडकवायची. रॉइस चांगला ताडमाड, त्याला त्या खिळ्यापाशी वाकावं लागे.

एप्रिलात डेल गेली. पानगळ आली तशी चर्चच्या पाद्री ब्रदर कार्लटनने रॉइसला चर्चच्या दाराशी गाठलं आणि हळू आवाजात म्हटलं, "या वर्षी राहू दे, रॉइस. आम्ही दुकानातून मागवू. सगळे समजून घेतील."

हे समजून घेणं रॉइसला झोंबलं. "मी आणतो," तो म्हणाला.

डेलच्या हातचं गावात आता तेवढंच उरलं होतं, आणि ते तिचं आहे हे गावाला माहीतही नव्हतं. एक वर्ष ते दुकानातून आलं असतं तर पुढच्या वर्षीही आलं असतं. मग संपलंच.

पिंजऱ्यात सापडलं ते नेमकं म्हातारं सुळेवालं धूड. न्याहारी शनिवारी आणि दुसरं जनावर काही पिंजऱ्याकडे फिरकेना. रॉइसने तुकडा तव्यावर टाकला आणि धुरात तोंड घातलं. डोळ्यांतून पाणी आलं, खोकला आला, वास आला नाही. तो तसाच वाकून उभा राहिला, जणू मागून कुणी काही बोलणार होतं. तुकडा जळून कोळसा झाला तेव्हा त्याने तवा उतरवला. मग इतकी वर्षं पाहिलेल्या अंदाजाने खिमा मळला, पहिली टिक्की तळली, तिच्यासोबत आणखी दोन-चार, आणि त्यांना तोंड शोधू लागला.

बुधवारी लमार झकास म्हणाला, ते सांगितलंच. पेंडीच्या दुकानात ट्रूडी गल्ल्यावर बसते. तिने घास घेतला, डोळे विस्फारले, आणि आधी उठून रॉइसला मिठी मारली.

"इतकं सगळं होऊन तुम्ही उभे आहात, हेच केवढं आहे."

"ते राहू दे. चव कशी आहे?"

"छान आहे हो. खरंच छान." तिने बरणीतून पेपरमिंटची गोळी काढून तोंडात टाकली. एक त्यालाही दिली.

ब्रदर कार्लटनने खाण्याआधी डोळे मिटून प्रार्थना केली आणि खाल्ल्यावरही डोळे बराच वेळ मिटूनच ठेवले. "देवाची कृपा आहे," एवढंच तो म्हणाला. यातून सेज कमी की जास्त, काय काढायचं?

रॉइस घरी आला. कुत्र्यापुढे टिक्की टाकली, त्याने ती खाल्ली. पण हेच कुत्रं मागच्या आठवड्यात रबरी बूट खाऊन बसलं होतं, तेव्हा त्याच्या शब्दाला काय किंमत. बायको असलेल्या माणसाला लोक तोंडावर सांगतात, तुझी गाडी भंगार आहे, तुझा टोमॅटो कडू आहे. ती गेली की त्याचं सगळंच छान होतं. आता गावात त्याच्याशी वाईट बोलणारं एकही माणूस उरलं नव्हतं, आणि त्याला नेमकं तसंच माणूस हवं होतं.

मिस ओटिली तेवढ्या राहिल्या होत्या. पोस्टाच्या खिडकीत बसून त्यांनी जन्मभर अख्ख्या गावाला सुनावलं होतं. पण त्यांच्या दाराला कुलूप होतं. लेकीकडे गेल्यात, शुक्रवारी संध्याकाळी येतील, असं शेजारणीने सांगितलं. तेवढं थांबायला वेळ नव्हता; शुक्रवारी दुपारी रॉइसने सगळ्या खिम्याच्या टिक्क्या केल्या, थोड्या घरी फ्रीजरमध्ये ठेवल्या आणि बाकीच्या चर्चच्या स्वयंपाकघरात पोचवल्या.

शनिवारी सकाळी तो कॉफी घेऊन भिंतीशी बसला. लोक त्याच्या जवळून जाताना ताट जरा उंच धरून दाखवत होते, मान डोलावत होते. पॅनकेकवर पाक ओतला जात होता, आणि रॉइसने पाहिलं, सॉसेजवरही. सगळ्यांचंच पाकाचं भांडं आज सॉसेजवर वळत होतं. कागदी रुमाल टेबलांवर चुरगळून पडत होते, फार लवकर, फार जाड.

मिस ओटिली काठी टेकत आल्या आणि त्याच्यासमोर बसल्या. एक घास तोंडात घातला. तो त्यांनी सरळ ताटात परत काढला.

"रॉइस, हे कुणी केलं?"

"मी."

"मग यात मुतलं कोण?"

शेजारच्या टेबलावरच्यांनी वळून पाहिलं. रॉइसने कॉफी खाली ठेवली. एप्रिलपासून त्याच्या तोंडावर वाईट म्हणणारं हे पहिलंच माणूस होतं. त्याला खरंच बरं वाटलं.

"नर होता. म्हातारा," तो म्हणाला.

"ते कळतंय. तुला वास नाही आला?"

"मला वास येत नाही, मिस ओटिली. लग्नाच्या वर्षापासून नाही." हे त्याने आजवर कुणापुढे उच्चारलं नव्हतं. ते इतकं सोपं असेल असं त्याला वाटलं नव्हतं.

"मग इतकी वर्षं आम्ही खाल्लं ते?"

"वास डेल घ्यायची. चाखायचीही डेलच. मी मशीन फिरवायचो."

मिस ओटिलींनी काट्याने टिक्की उलटून पाहिली. मग म्हणाल्या, "डेल असती तर हे तव्यावरून पुढे सरकलंच नसतं."

डेल. एप्रिलपासून हे नाव त्याच्यासमोर कुणी घेतलं नव्हतं. लोक 'ते सगळं' म्हणत, 'तो काळ' म्हणत, आवाज खाली आणत. नाव फक्त त्याच्याच तोंडून निघायचं, तेही कुत्र्याशी बोलताना.

"नसतंच सरकलं," तो म्हणाला. "फेक म्हणाली असती."

"बरोबरच म्हणाली असती. खिमाही जाडा राहिलाय. आणि मिरची कशाला एवढी कोंबलीस? वास झाकायला?"

"नाही. मिरची मला कळते, म्हणून."

मिस ओटिलींनी तोंड पुसलं. त्यांनी आपलं ताट हळूच बाजूला सारलं.

रॉइस उठला आणि वाढपाच्या टेबलापाशी गेला. ब्रदर कार्लटन चिमटा घेऊन उभा होता.

"ब्रदर, हे वाढू नका. खराब आहे."

"छे छे, रॉइस. सगळे आवडीने खातायत."

"वास येतोय त्याला," रॉइस मोठ्याने म्हणाला. सगळी खोली त्याच्याकडे वळली. तो बोलणारा माणूस नव्हे, त्यामुळे पुढचं त्याने ट्रेकडे बघतच सांगितलं. "इतकी वर्षं तुम्ही खाल्लंत ते डेलचं होतं. हे माझं आहे."

आम्ही काटे खाली ठेवले. ट्रूडीने आपल्यापुढचा चुरगळलेला रुमाल उघडला, त्यात एकच घास घेतलेली टिक्की होती. ती तिने उठून ट्रेमध्ये ठेवली. मग दुसऱ्यांनीही ठेवल्या. लमारने दार उघडून धरलं, आणि रॉइस ट्रे घेऊन त्याच्यापुढून गेला तेव्हा लमारने या वेळी खांद्यावर हात ठेवला नाही.

"लई वाईट होतं, मिस्टर रॉइस," तो म्हणाला.

"माहितेय. बुधवारीच सांगायचंस."

घरी आल्यावर रॉइसने ट्रे दूरच्या कुंपणापलीकडे रिकामा केला. फ्रीजरमध्ये स्वतःसाठी ठेवलेल्या टिक्क्याही तिकडेच नेल्या. गिधाडं खाली उतरेपर्यंत तो थांबला नाही. स्वयंपाकघरात येऊन त्याने तवा मिठाने घासला, गरम केला, चरबीचं बोट फिरवून पुसला, आणि सवयीने जरा थांबला. "झालं" असं कुणी म्हणालं नाही.

खिळा वर ठोकून घ्यायचं कितीदा तरी त्याच्या मनात येऊन गेलं होतं. हातोडी तिथेच, हाताशी होती. त्याने वाकून तवा अडकवला.